दगडापेक्षा वीट मऊ, पण विटेचं पुढे काय?

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांना एकच प्रश्न विचारला गेला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं? मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी फूल होतं, वेगळं राहण्यासाठी दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. निकाल लागला, विषय मिटला.

गंमत पुढे आहे. विलीनीकरण मागणारा पक्ष होता महाराष्ट्रवादी गोमंतक, म्हणजे मगो. मागणी त्याच्या नावातच होती. लोकांनी ती नाकारल्यावर या पक्षाने गाशा गुंडाळायला हवा होता. पण मार्चअखेर विधानसभेची निवडणूक झाली आणि ३० पैकी १६ जागा घेऊन मगोच सत्तेवर आला. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. आणि वेगळेपणाची लढाई जिंकलेला युनायटेड गोवन्स पक्ष? त्याला १२ जागा मिळाल्या, १९७२ लाही तो विरोधातच बसला, आणि सत्तरचं दशक सरेपर्यंत मोठ्या पक्षांमध्ये विरून गेला. हरलेला पक्ष जगला, जिंकलेला संपला.

याचा अर्थ असा, की जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारणाऱ्या काही हजार माणसांनी मार्चमध्ये मगोच्या सिंहावर शिक्का मारला. ही माणसं गोंधळलेली होती का? मला तसं वाटत नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत राबणाऱ्या कुळाला आणि त्याच्याच जागेत झोपडं बांधून राहणाऱ्या मुंडकाराला मगो म्हणजे काय, हे नीट ठाऊक होतं. मगो म्हणजे गावात निघालेली मराठी शाळा. मगो म्हणजे १९६४ चा कूळ कायदा. मगो म्हणजे बहुजन समाजातला माणूस प्रथमच सचिवालयात ताठ मानेने जाऊ शकतो, ही भावना. गोवा महाराष्ट्रात जावो न जावो, यातलं काहीच बुडणार नव्हतं. उलट युनायटेड गोवन्सचं मुख्य म्हणणं ‘विलीन होऊ नका’ असं होतं. विलीनीकरण टळल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या म्हणण्याचं काय करायचं? कोकणीचा आणि घटकराज्याचा विचार त्या बाजूला होता, आणि १९८७ मध्ये दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात आल्या. पण ते बघायला पक्ष उरला नव्हता.

राजकीय पक्षाला स्वतःची ओळख लागते म्हणजे नेमकं काय लागतं, हे समजायला यापेक्षा सोपं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

विरोध इतका सोपा का असतो

आधी विरोधाची बाजू मांडतो, कारण विरोधाचं राजकारण करणारे सगळे आळशी किंवा लबाड असतात असं नाही. ते गणित त्यांच्यावर आपल्या निवडणूक पद्धतीने लादलेलं असतं.

आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं, तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला साधारण ४५ टक्के मतं पडली आणि ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. म्हणजे शंभरातल्या पंचावन्न लोकांनी काँग्रेस सोडून दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. पण तो ‘दुसरा’ दर मतदारसंघात तीन-चार जणांमध्ये वाटला गेला, आणि काँग्रेसला पाशवी बहुमत मिळालं. राममनोहर लोहियांनी साठच्या दशकात गैरकाँग्रेसवाद मांडला तो याच हिशेबावर. विरोधी मतांची फाटाफूट थांबवा, एकास एक उमेदवार द्या, डोंगर हलेल. १९६७ मध्ये तो हललाही. उत्तरेत संयुक्त विधायक दलांची सरकारं आली, बरीचशी लवकरच पडली.

हिशेब बरोबर होता. पण त्याची एक किंमत असते, ती बिलात शेवटी दिसते. एकास एक लढत द्यायची तर पाच पक्षांना एका मांडवात यावं लागतं. पाच पक्ष एका मांडवात आले की ज्या मुद्द्यांवर त्यांचं जमत नाही ते बाजूला ठेवावे लागतात. आणि नेमके तेच मुद्दे त्या-त्या पक्षाची ओळख असतात! समाजवाद्याने समाजवाद झाकायचा, हिंदुत्ववाद्याने हिंदुत्व झाकायचं, शेतकरी नेत्याने शहरी कामगाराबद्दल गप्प बसायचं. झाकून-झाकून उरतं काय? ‘समोरचा नको.’

मतदारालाही हे चालतं, निदान एकदा. मराठीत त्यासाठी म्हण आहेच, दगडापेक्षा वीट मऊ. रागाच्या भरात माणूस दगड टाकून वीट उचलतो. पण विटेला हे विसरता येत नाही की आपल्याला कुणी मऊ म्हणून घरी आणलेलं नाही, फक्त दगडाशी तुलना करून आणलंय. दगड नजरेआड झाला की लोक विटेकडे वीट म्हणून पाहायला लागतात.

एकशे सहा हुतात्मे, एक मागणी

आता घरचं उदाहरण. थोडं सविस्तर सांगतो, कारण आपण ते नेहमी अर्धंच सांगतो.

संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली ६ फेब्रुवारी १९५६ रोजी, पुण्यात. त्याआधीच्या काही महिन्यांत मुंबईत रक्त सांडलं होतं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा झाली आणि शहर पुन्हा पेटलं. या लढ्यातल्या एकशे सहा हुतात्म्यांची आठवण आपण आजही काढतो.

समितीत कोण होतं ते बघा. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, हिंदू महासभा, जनसंघ. एस. एम. जोशी आणि कॉम्रेड डांगे एका व्यासपीठावर, शेजारी आचार्य अत्रे आणि प्रबोधनकार ठाकरे. एरवी ही मंडळी एका पंगतीला बसली असती तर आचारी पळून गेला असता. त्यांना बांधणारा धागा एकच होता, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. द्विभाषिक मुंबई राज्यात काँग्रेसचं सरकार टिकलं ते विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या जागांमुळे. मुंबई महापालिकेत समितीचा जोर होता. १९५८ मध्ये कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर महापौर झाले. मुंबईच्या महापौरपदी कम्युनिस्ट, ही गोष्ट आजच्या पिढीला सांगितली तर ती चेष्टा समजते.

मग १ मे १९६० उजाडला. राज्य मिळालं. आणि दोनच वर्षांनी, १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत, २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या काँग्रेसला. ज्या पक्षाविरुद्ध लढून राज्य मिळवलं त्याच पक्षाला! शेकापला १५, प्रजासमाजवाद्यांना ९, कम्युनिस्टांना ६, रिपब्लिकनांना ३.

लोक कृतघ्न होते, हे उत्तर मला पटत नाही. लोकांनी समितीला एक काम सांगितलं होतं, ते समितीने केलं. पुढचं काम समितीकडे नव्हतंच. हंगेरीत रशियाचे रणगाडे घुसले, तिबेटमधला उठाव चीनच्या सैन्याने चिरडला, केरळातलं कम्युनिस्ट सरकार केंद्राने बरखास्त केलं, अशा प्रत्येक प्रश्नावर समितीतले घटक एकमेकांच्या विरुद्ध तोंड करून उभे होते. आंदोलन चालू होतं तोवर हे झाकून नेता आलं. राज्य मिळण्याची चिन्हं दिसताच झाकण उडालं. प्रजासमाजवादी बाहेर पडले. बाकीच्यांनी सीमाभागाचा प्रश्न धरून ठेवला. प्रश्न खरा होता, आजही आहे. पण साताऱ्याच्या किंवा बीडच्या शेतकऱ्याचं रोजचं जगणं त्यावर बेतलेलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला यशवंतराव चव्हाणांनी काय केलं? ते आंदोलनात नव्हते, आणि त्याचे टोमणेही त्यांनी पुष्कळ खाल्ले होते. पण राज्य आल्यावर ‘हे राज्य कशासाठी’ या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस त्यांच्याच पक्षात होता, म्हणजे ते स्वतः. हे राज्य मराठी की मराठा, असा थेट सवाल संपादक ग. त्र्यं. माडखोलकरांनी केला तेव्हा ते मराठी माणसांचं असेल असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. बौद्ध झालेल्यांच्या सवलती राज्यात चालू ठेवल्या. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना फी माफ केली. सहकारी साखर कारखान्यांना हात दिला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, आणि तालुक्यातल्या महत्त्वाकांक्षी तरुणाला पहिल्यांदा घराजवळ खुर्ची दिसली. त्यांच्या या पद्धतीला बेरजेचं राजकारण म्हणतात. त्या बेरजेत कोण वजा झालं याची चर्चा जरूर व्हावी, माझ्याही तक्रारी आहेत. मुद्दा असा, की गावातला माणूस काँग्रेस म्हणजे काय ते बोट दाखवून सांगू शकत होता. ती सोसायटी, ती शाळा, तो कारखाना.

आणि समितीने मोकळी सोडलेली एक जागा बराच काळ रिकामीच होती. राज्य मराठी झालं, पण मुंबईतल्या मराठी पोराच्या नोकरीचं काय? १९ जून १९६६ ला शिवसेना निघाली ती या जागेवर. तिच्या भाषेत विरोध ठासून भरलेला होता, दाक्षिणात्यांविरुद्धचा तर जहरी होता. पण त्याच्या जोडीला गल्लीगल्लीत शाखा होती. नळाला पाणी नाही, शाळेत प्रवेश मिळत नाही, रात्री रुग्णवाहिका हवीय, चल शाखेत. केवळ घोषणांवर ती संघटना इतकी वर्षं चालली असती, हे कुणी मला पटवून देऊ शकणार नाही.

जाहीरनामा होता, ओळख नव्हती

इथे एक गैरसमज काढून टाकू. ओळख म्हणजे जाहीरनामा नव्हे. याचा पुरावा म्हणजे जनता पक्ष.

१८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी अचानक निवडणूक जाहीर केली. तुरुंगातून सुटलेल्या नेत्यांनी २३ जानेवारीला जनता पक्ष स्थापन झाल्याचं जाहीर केलं. पाच दिवसांत पक्ष! संघटना काँग्रेस, भारतीय लोकदल, जनसंघ, समाजवादी, आणि पाठोपाठ जगजीवनराम यांचा गट. स्वतःचं चिन्हही नव्हतं, लोकदलाचा नांगरधारी शेतकरी उसना घेतला. आणीबाणीचा राग इतका होता, की उत्तर प्रदेशातल्या ८५ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. देशभरात जनता पक्ष २९५, काँग्रेस १५४.

त्यांच्याकडे कागद नव्हता असं नाही. स्वातंत्र्यही आणि भाकरीही, असं सांगणारा चांगला गांधीवादी वळणाचा जाहीरनामा होता. पण तो पाचांपैकी कुणाचाच नव्हता. सत्ता आल्यावर ज्याने-त्याने आपापल्या पोतडीतून जुनंच काढलं. मोरारजींनी दारूबंदीचा आग्रह धरला. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कोका-कोला आणि आयबीएम देशाबाहेर गेल्या. चरणसिंगांनी अर्थमंत्री झाल्यावर ग्रामीण भागाकडे झुकणारा अर्थसंकल्प मांडला, त्यावर शहरातून बोंब उठली. प्रत्येक गोष्टीत काही ना काही विचार होता. एकत्र केल्यावर मात्र बारभाईंची खेती. जनसंघातून आलेल्यांचं संघाशी असलेलं नातं, म्हणजे दुहेरी सदस्यत्व, हा वाद पेटला. त्यात पुण्याचे मधु लिमये आघाडीवर होते. जुलै १९७९ मध्ये मोरारजींचं सरकार गेलं. चरणसिंग पंतप्रधान झाले, पण लोकसभेला सामोरे न जाताच त्यांनीही राजीनामा दिला. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसला ३५३ जागा, जनता पक्षाला ३१.

दगड परत आला. लोकांनी वीट फेकून दिली.

पण या कहाणीत एक गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे, आणि ती थट्टेत हरवते. १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती याच सरकारची. ‘अंतर्गत अशांतता’ असं मोघम कारण देऊन आणीबाणी लावता येत होती. ते शब्द काढून तिथे ‘सशस्त्र उठाव’ आला. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही, हेही त्यातच. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, हेही त्यातच. जनता पक्षातल्या पाचही प्रवाहांना मनापासून हवी असलेली गोष्ट हीच होती, आणि ती त्यांनी करून दाखवली. ‘आणीबाणी नको’ या नकाराचं त्यांनी कायद्यात रूपांतर केलं. नकाराला असं विधायक रूप देता येतं. फक्त त्यावर पाच वर्षं सरकार चालत नाही, कारण गव्हाचा भाव काय असावा याचं उत्तर ४४ व्या दुरुस्तीत सापडत नाही.

मग ओळख बनते कशाने

माझ्या समजुतीप्रमाणे, एखाद्या पक्षाच्या ओळखीची परीक्षा त्याच्या पुढाऱ्याच्या भाषणात होत नाही. ती सभेआधी सतरंज्या टाकणाऱ्या आणि सभेनंतर त्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याच्या तोंडी होते. चहाच्या टपरीवर त्याला कुणी विचारलं, ‘तुमच्या पक्षाला मत का द्यायचं?’, आणि त्याचं उत्तर समोरच्या पक्षाच्या नावाने सुरू झालं, तर घर अजून बांधलेलंच नाही असं समजावं.

त्या कार्यकर्त्याला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. आपण कुणाची माणसं आहोत? उद्या कुणालाच न सुचलेला प्रश्न उभा राहिला तर आपला पक्ष साधारण कुठल्या बाजूला झुकेल? आणि आपण आजवर काय केलं, जे हात लावून दाखवता येईल? यातली दुसरी गोष्ट सगळ्यात अवघड. कांद्याची निर्यात बंद झाली तर शेतकऱ्याच्या बाजूने बोलायचं की शहरातल्या गिऱ्हाइकाच्या, हे ज्या पक्षाच्या तालुकाध्यक्षाला मुंबईहून फोन आल्याशिवाय सांगता येत नाही, त्या पक्षाला चिन्ह आहे, पण चेहरा नाही.

शेकापकडे तसा चेहरा एकेकाळी होता. १९५० च्या दाभाडी प्रबंधात त्यांनी आपली मार्क्सवादी वाट सविस्तर लिहून काढली. त्यावर पक्षातच वादावादी झाली, केशवराव जेधे पुढे काँग्रेसमध्ये परतले. तरीही त्या पक्षाचं असं काहीतरी रायगडात आणि सांगोल्यात टिकलं, की गणपतराव देशमुख एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून अकरा वेळा आमदार झाले. दुष्काळी तालुका, एसटीने फिरणारा आमदार, पाण्याचा प्रश्न. सांगोल्यात लाल बावटा म्हणजे काय हे विचारायला प्रबंध उघडावा लागत नव्हता. राज्यभर मात्र ते जमलं नाही, कारण सहकाराच्या रस्त्याने काँग्रेसने त्याच शेतकऱ्याला आधीच गाठलं होतं.

तमिळनाडूकडे पाहिलं तर गोव्याचीच गोष्ट मोठ्या पडद्यावर दिसते. द्रमुकची मूळ मागणी होती वेगळा द्रविडनाडू. १९६३ मध्ये फुटीरतेला बंदी घालणारी घटनादुरुस्ती येत असताना अण्णादुराईंनी ती मागणी सोडून दिली. पक्षाच्या जन्माचं कारणच गेलं. आणि चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, तो पक्ष सत्तेवर आला. कारण लोकांना द्रविडनाडूच्या नकाशापेक्षा तमिळ भाषा, स्वाभिमान आणि स्वस्त तांदूळ यांची ओढ होती. सत्तेवर येताच भटजीशिवाय होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना कायदेशीर मान्यता मिळाली, १९६९ मध्ये मद्रास राज्याचं नाव तमिळनाडू झालं. काँग्रेस तिथे स्वबळावर पुन्हा कधीच सत्तेत आली नाही. पुढे द्रमुक फुटला, अण्णाद्रमुक निघाला, तरी दोघं भांडत राहिले ते त्याच वाड्याच्या दोन दालनांत.

इथे सावध करायला हवं. ठळक ओळख म्हणजे चांगली ओळख, असं मुळीच नाही. जनता पक्षातून बाहेर पडलेल्यांनी १९८० मध्ये भाजप काढला. डिसेंबरात मुंबईच्या अधिवेशनात त्यांनी ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला. तो ना जुन्या जनसंघीयांना रुचला ना नव्यांना, आणि १९८४ मध्ये लोकसभेत दोनच जागा आल्या (इंदिराजींच्या हत्येनंतरची ती निवडणूक होती, हे धरूनही). १९८९ मध्ये पालमपूरला पक्षाने राममंदिराचा ठराव केला आणि त्याच वर्षी ८५ जागा मिळवल्या. ती ओळख देशासाठी हितकारक की घातक यावर दोन टोकांची मतं आहेत आणि राहतील. पण ती कळायला कुणाला शब्दकोश लागला नाही. बोफोर्सचा विरोध तेव्हा सगळ्याच विरोधी पक्षांकडे होता. त्यापलीकडचं काहीतरी स्वतःचं याच पक्षाकडे होतं.

आणि ओळख असली म्हणजे पक्ष टिकतोच असंही नाही. रिपब्लिकन पक्षाइतकी स्वच्छ ओळख महाराष्ट्रात कुणाकडे होती? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. तरीही गटातटांनी तो पक्ष पोखरला. ओळख म्हणजे पाया. भिंती भावांनीच पाडल्या तर पाया काय करणार?

उसनं नाणं

अलीकडचं एक उदाहरण देऊन थांबतो. २०२४ मध्ये महाराष्ट्राने सहा महिन्यांत दोन निकाल दिले. जूनमध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला. नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८ पैकी महायुतीला २३०, आघाडीतल्या तीन मुख्य पक्षांना मिळून ४६. एवढ्या मोठ्या उलथापालथीला एकच कारण शोधणं भाबडेपणाचं ठरेल. जातीची गणितं, पैसा, बंडखोरी, जागावाटपाचा घोळ, सगळंच त्यात आलं.

पण मला त्यातली एक गोष्ट या लेखाच्या विषयासाठी बोलकी वाटते. लोकसभेला आघाडीकडे नकार होता, आणि तो नेमका होता. संविधानाला धोका, पक्ष फोडल्याचा राग, कांदा-सोयाबीनचे पडलेले भाव. विधानसभेच्या आधी सरकारने लाडकी बहीण आणली, महिन्याला १,५०० रुपये खात्यात पडू लागले. प्रचारात महायुतीने २,१०० चं आश्वासन दिलं. त्यावर आघाडीने काय म्हणावं? आम्ही ३,००० देऊ. योजनेचं नाव महालक्ष्मी.

आकडा दुप्पट होता, तरी नाणं उसनं होतं. आधी ‘तिजोरीत खडखडाट आहे’ म्हणून ज्या योजनेवर टीका केली, तिचीच मोठी आवृत्ती घेऊन दारात गेल्यावर बाई विचारणारच, की मग हे चांगलं होतं की वाईट? आणि चांगलं असेल तर ज्याने आधी दिलं त्यालाच का देऊ नये मत? आघाडीला स्त्रियांसाठी स्वतःचं काही सांगता आलं नसतं असं नाही. याच राज्यात वि. स. पागेंच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली होती. मागेल त्याला काम, बाईला पुरुषाइतकीच मजुरी, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे देशाने तो धडा गिरवला. तिचा वारसा सांगणारे लोक आघाडीत होते. शेतावर राबणाऱ्या बाईची मजुरी, तिच्या नावावर सातबारा, आशासेविकेचं मानधन, ऊसतोड बाईचं आरोग्य, कितीतरी धागे हाताशी होते. पण ते उचलायला आधी वर्ष-दोन वर्षं गावागावांत त्यावर काम करावं लागतं. प्रचाराच्या तीन आठवड्यांत नुसता आकडा वाढवता येतो.

महायुतीनेही यात फार खूश होऊ नये. खात्यात पडणारे पैसे ही ओळख होते, पण पैसे देणारा बदलता येतो. पुढच्या निवडणुकीत कुणी ४,००० म्हणालं तर? मगोचंच उदाहरण घ्या, ज्याच्यापासून सुरुवात केली. शाळा निघाल्या, बांदोडकरांनंतर मुख्यमंत्री झालेल्या शशिकला काकोडकरांच्या काळात १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना जमिनीची मालकी देण्याची वाट मोकळी झाली. काम झालं. त्या शाळेत शिकलेल्या, त्या जमिनीचा वारस झालेल्या पोराला मग पुढचं काहीतरी हवं होतं. १९७९ मध्ये सरकार पडलं, १९८० च्या निवडणुकीत स्वबळावरची सत्ता गेली ती गेलीच. पक्ष आजही आहे. २०२२ मध्ये त्याचे दोन आमदार निवडून आले.